एक लाख रुपये आणि माकडाचा पंजा

एखादी गोष्ट दुसऱ्या माध्यमात किंवा दुसऱ्या गावात गेली की तिचं काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. लोक विचारतात, यात संशोधन कसलं? तर राळेगावच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलेली एकांकिकाच घेऊ.

मूळ कथा डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ मधली ‘द मंकीज पॉ’. भारतातून इंग्लंडला गेलेला माकडाचा वाळका पंजा इच्छा पुरवतो. म्हातारा दोनशे पौंड मागतो. पुढे मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो. कंपनी जबाबदारी झटकते, पण पैसे देते. बरोब्बर दोनशे पौंड.

पोरांनी कारखान्याची जिनिंग केली आणि पौंडांचे एक लाख रुपये. आकडा ऐकला आणि मंडप गप्प. शेजारच्या मावशी पुटपुटल्या, “तेवढेच तं भेटते.” शेतकरी आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर घरच्यांना मिळणारी सरकारी मदत एक लाखाचीच आहे, तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. नाटकात आत्महत्या हा शब्दसुद्धा नव्हता. एका आकड्यानं काम केलं.

रूपांतर मूळाशी किती इमानदार, एवढ्यावरच त्याला जोखू नये, असं लिंडा हचन ‘अ थिअरी ऑफ अ‍ॅडाप्टेशन’ (२००६) मध्ये मांडतात. नव्या जागी ते काय बोलतं, तेही बघायचं. इथे ते मूळ कथेपेक्षा जवळून बोललं.

शेवट मात्र फसला. कथेत दारावर थाप पडते, आई कडी काढायला धावते, बाप शेवटची इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. इथे हिरव्या उजेडात सांगाडा नाचला आणि वर ‘अंधश्रद्धा सोडा’ असा संदेश. संदेश वाईट नाही हो. पण त्यानं दोष कुणाच्या माथी गेला बघा! पंजा हाती धरणाऱ्या घराच्या. ‘आमची जबाबदारी नाही’ म्हणणारा जिनिंगचा माणूस अलगद सुटला.

मंडपात अशा घरातली लेकरंही बसलेली असतील. मग अशी गोष्ट शाळेत करूच नये का? मला तसं वाटत नाही. तो आकडा त्यांना आपल्याआधी ठाऊक असतो. फक्त चूक त्यांच्याच घराची होती, असं सांगून त्यांना परत पाठवू नये. पुढच्या वेळी सांगाडा वगळा, दार तेवढं उघडा.