वाड्याचे पुढचे आयुष्य

फ्रान्समधील बूर्ज या नगरात झाक कर या धनाढ्य व्यापाऱ्याने १४४३ मध्ये आपले घर बांधावयास घेतले. तो सातव्या चार्ल्स राजाचा खजिनदार. आडनावाचा अर्थ हृदय आणि नाव संत याकोबाचे, म्हणून भिंतींवर दगडी हृदये व यात्रेकरूंचे शिंपले कोरलेले. दर्शनी भागातील खोट्या खिडक्यांतून पाषाणाची माणसे रस्ता न्याहाळतात. (हा डौलच खरा, परंतु प्रार्थनामंदिराच्या छतावरील देवदूतांमुळे आम्ही तो क्षम्य मानतो.)

१४५१ मध्ये कर कैद झाला. १४५६ मध्ये परमुलुखात वारला. १६८२ मध्ये वास्तू नगराच्या कारभाऱ्यांनी घेतली, पुढे तीत न्यायालयही भरले. १९२३ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि जीर्णोद्धारात नंतरचे पुष्कळ फेरबदल काढून मूळ रूप आणले. या कामाची वाखाणणी होते. आम्हांस ती पटत नाही. जेथे धनी धड नांदलाही नाही, त्याच्या आठ वर्षांसाठी नगराची अडीचशे वर्षे पुसावीत, हा न्याय कोणता?

सोलापूरकरांस हा प्रश्न परका नाही. अप्पासाहेब वारद यांचे इंद्रभुवन पुढे महानगरपालिकेची कचेरी झाले. त्याच्या दर्शनी शिल्पांची स्तुती होते, कोणी त्यास पाश्चात्त्यांची नक्कलही म्हणतो. परंतु जन्ममृत्यूचा दाखला, घरपट्टी वा पाण्याची तक्रार घेऊन तेथे ताटकळलेल्या गिरणी कामगारांचा व विणकरांचा उल्लेख वास्तूच्या वर्णनात येत नाही. डागडुजीत एखादी झिजलेली पायरी बदलावी लागली, तर ती कोणाच्या पायांनी झिजली हेही नोंदवहीत लिहिले जावे.