'हा' आणि 'तो' : पारदर्शिकेच्या स्वरूपाविषयी

छायाचित्रकलेची चर्चा करताना आपण बहुधा कागदावर उमटलेल्या चित्राचाच विचार करतो. पारदर्शिका, म्हणजे व्यवहारात जिला आपण स्लाइड म्हणतो ती, या चर्चेत आलीच तर एक अध्यापनसाधन म्हणून येते. नकाशा, तक्ता आणि खडू यांच्या पंक्तीला ती बसविली जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पारदर्शिका हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याचे अस्तित्व फिल्मच्या तुकड्यात पूर्ण होत नाही. ते अंधाऱ्या खोलीत, दिव्यासमोर आणि बोलणाऱ्याच्या शब्दांसह पूर्ण होते. हे ध्यानात न घेतल्यामुळेच अनेक विभागांतील पारदर्शिकांच्या संग्रहांची आज लावली जाणारी विल्हेवाट चुकीच्या गृहीतावर उभी आहे.

विवेचन मध्यम आकाराच्या फिल्मपुरते मर्यादित ठेवले आहे, कारण या प्रकाराचे गुणधर्म तिच्यात सर्वांत ठळकपणे दिसतात. १२० क्रमांकाची ही फिल्म कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये बाजारात आणली. तिची रुंदी सुमारे सहा सेंटिमीटर असून चौरस चित्रे घेतल्यास एका रिळावर बारा चित्रे मिळतात. चौरसाची बाजू प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर भरते. म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरच्या चित्रापेक्षा त्याचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक असते. १९२९ चा रोलायफ्लेक्स किंवा १९४८ चा हॅसेलब्लाड घेतला तर छायाचित्रकार वरून काचेत डोकावतो आणि तेथे त्याला डावे उजवे व उजवे डावे झालेले दिसते. पुढे प्रक्षेपकात चौकट बसवावी लागते तीही पायथा वर करून. ती चुकून उलट बाजूने बसली, तर चित्रातील दुकानाच्या देवनागरी पाटीची शिरोरेखा जागच्या जागी राहते, पण अक्षरे उजवीकडून डावीकडे धावू लागतात. झाडे आणि डोंगर यांत हा दोष लपतो, लिपीत लपत नाही. पारदर्शिकेला वाचनाची एक निश्चित दिशा आहे, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

निगेटिव्ह व प्रिंट यांचा संबंध संहिता आणि प्रयोग यांच्यासारखा आहे. अमेरिकन छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स याने निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला वादनाची उपमा दिली होती, ती याच अर्थाने. एकाच निगेटिव्हवरून निरनिराळ्या वेळी निरनिराळे प्रिंट काढता येतात आणि प्रत्येकात अर्थनिर्णयाला वाव असतो. पारदर्शिकेत हा मधला टप्पाच नाही. १९७० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या ई-६ या प्रक्रियेत फिल्मवर प्रथम ऋणचित्र तयार होते; मग उरलेल्या चांदीच्या क्षारांतून धनचित्र रंगद्रव्यांच्या रूपाने उभे राहते आणि सर्व चांदी धुऊन जाते. ऋण आणि धन या दोन्ही अवस्था त्याच एका पट्टीवर घडतात. परिणाम असा की, जी पट्टी कॅमेऱ्यात त्या स्थळी त्या क्षणी होती, तीच पुढे प्रक्षेपकात दिव्यासमोर उभी राहते. तिची जागा घेणारी दुसरी मूळ प्रत जगात नसते.

एवढ्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, पारदर्शिका अधिक 'सत्य' असते, कारण तिच्यात अंधारखोलीतील हस्तक्षेप नाही. हा युक्तिवाद टिकत नाही. साक्री तालुक्यातील पिंपळनेरचेच उदाहरण घ्यावे. वैशाखातील दुपारी पांढरे धोतर नेसलेला वृद्ध लिंबाखाली बसला आहे. धोतराच्या सोग्यावर ऊन आहे, चेहरा सावलीत आहे. या दोहोंच्या उजेडातील अंतर सहज शेकडो पटींचे असते. पारदर्शिकेची फिल्म मात्र ढोबळमानाने पाच-सहा स्टॉपचा, म्हणजे ३२ ते ६४ पटींचा फरक तपशिलासह सांभाळू शकते. चेहरा राखला तर धोतर कोऱ्या काचेसारखे होते. धोतराच्या चुण्या राखल्या तर चेहरा काळोखात जातो. निगेटिव्हमध्ये ही निवड काही अंशी पुढे ढकलता येते, येथे ती बटण दाबण्यापूर्वीच करावी लागते. पुन्हा प्रत्येक फिल्मचा स्वतःचा कल असतो. १९९० मध्ये आलेली वेल्व्हिया ही फिल्म हिरवा रंग मुळाहून गडद करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. श्रावणात पिंपळनेरच्या पश्चिमेचे डोंगर तिच्यावर घेतले, तर मुळातच दाट असलेला हिरवा आणखी दाट होऊन येतो. तेव्हा हस्तक्षेप नाहीसा झालेला नसतो. तो फक्त आधी झालेला असतो आणि नंतर मागे घेता येत नाही. पारदर्शिकेचे वैशिष्ट्य सत्यतेत नसून या अपरिवर्तनीयतेत आहे.

आता प्रक्षेपणाकडे वळू. कागदावरील चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागांचे प्रमाण सुमारे शंभरास एक इतके असते, कारण कागद फक्त अंगावर पडलेला उजेड परत देतो. पारदर्शिकेतून उजेड आरपार जातो आणि तेथे हे प्रमाण हजारास एक याच्याही पुढे जाऊ शकते. परंतु हे ऐश्वर्य अंधारावर अवलंबून आहे. खिडकीची एक फट उघडी राहिली तरी पडद्यावरील काळा रंग राखाडी होतो आणि सगळे चित्र फिके पडते. कागदावरील चित्राला अंधाराची गरज नसते. पारदर्शिकेला असते, म्हणून तिच्या बाबतीत अंधार हा माध्यमाचाच घटक मानला पाहिजे. त्या अंधारात चार माणसे एकत्र बसतात, पुस्तकाप्रमाणे पान स्वतःच्या मर्जीने उलटू शकत नाहीत, आणि कोणीतरी बोलू लागतो.

तो काय बोलतो, हा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. पारदर्शिका दाखविणाऱ्याची वाक्ये ऐकली तर त्यांत दर्शक सर्वनामांचा असाधारण भरणा आढळतो. 'हा वाडा', 'ही पाहा नदी', 'हे इथे उभे आहेत ते'. पिंपळनेरकडील अहिराणी बोलणारा 'हाऊ' आणि 'हाई' म्हणेल. मराठीत 'हा' जवळच्यासाठी आणि 'तो' दूरच्यासाठी. वाडा शंभर कोसांवर असतो, कदाचित पडूनही गेलेला असतो. नियमाने त्याला 'तो' म्हणावयास हवे. तरी पडद्यासमोर कोणीही 'तो' म्हणत नाही. क्रियापदाचेही तसेच. दहा वर्षांपूर्वीची पालखी 'वळली' असे न म्हणता 'इथे पालखी वळते आहे' असे म्हटले जाते. व्याकरणात ज्याला ऐतिहासिक वर्तमान म्हणतात तो येथे शैलीचा अलंकार म्हणून येत नाही. प्रसंगच त्याची मागणी करतो. पारदर्शिकेचे कार्य एका वाक्यात सांगायचे तर असे : ती 'तो' चा 'हा' करते.

हा अधिकार तिला कोठून मिळतो? एक उत्तर वर येऊन गेले आहे. दिव्यासमोरची पट्टी खरोखरच त्या स्थळी होती. 'हा' म्हणण्यामागे प्रत्यक्ष संपर्काची साक्ष आहे. पण एवढे उत्तर पुरेसे नाही, हे मराठी परंपराच दाखवून देते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक कागदी चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीने, रामायण-महाभारतातील कथा सांगत आले. पुढे १८९२ पासून कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याने पडद्यावर टाकायची, ती भराभर बदलून हालचालीचा भास निर्माण करायचा, आणि त्याबरोबर निवेदन व संगीत, असे त्यांचे स्वरूप होते. नावातील 'शांबरिक' हा शब्द शंबरासुराच्या मायेवरून आलेला आहे. म्हणजे हा खेळ सत्याचा दावा करीत नव्हता, मायेचा करीत होता. रंगविलेल्या काचेला कोणत्याही स्थळाची साक्ष नव्हती. तरीही निवेदकाला 'ही सीता' म्हणता येत होते आणि प्रेक्षकांना ते पटत होते. तेथे 'हा' चा आधार अंधार, उजेड आणि आवाज यांनी मिळून घडविलेला प्रयोग हाच होता.

तेव्हा पारदर्शिकेला दोन स्वतंत्र आधार आहेत : साक्ष आणि प्रयोग. चित्रकथ्याच्या कागदाला आणि खरोलिकेच्या काचेला केवळ दुसरा होता. कपाटात पडून राहिलेल्या निगेटिव्हला केवळ पहिला असतो. छायाचित्रीय पारदर्शिका जेव्हा प्रक्षेपित होते, तेव्हाच हे दोन्ही एकत्र येतात. तिची समीक्षाही म्हणून दुहेरी असली पाहिजे. एकेका चित्राची रचना व रंग पाहून भागणार नाही. चित्रांचा क्रम, प्रत्येकावर थांबण्याचा काळ, आणि शब्द व चित्र यांचे नाते यांचाही विचार झाला पाहिजे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी जी लयतत्त्वे मांडली, ती एका चौकटीपेक्षा चौकटींच्या मालिकेला अधिक लागू पडतात. ज्या निवेदनात शब्द फक्त चित्रात दिसते तेच पुन्हा सांगतो, तेथे प्रयोग दुबळा असतो. चित्राबाहेर काय राहिले हे जेथे शब्द सांगतो, तेथे तो समर्थ होतो.

या दोन आधारांमध्ये एक अटळ विरोधही आहे. प्रत्येक प्रक्षेपणात दिव्याच्या उजेडाने रंगद्रव्ये थोडी थोडी विटतात. म्हणजे प्रयोग साक्षीला झिजवितो. कोडाक्रोम ही फिल्म अंधारात ठेवल्यास दीर्घकाळ रंग टिकविण्याबद्दल ख्यात होती, पण प्रक्षेपकाच्या दिव्यासमोर मात्र ती इतर अनेक फिल्मांहून लवकर विटते. जी न दाखविता उत्तम टिकते, तीच दाखविली असता लवकर संपते, यापेक्षा या विरोधाचे बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आजचा प्रश्न याच संदर्भात पाहावा लागतो. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड-प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले आणि २००९ मध्ये कोडाक्रोमचे. २०१२ मध्ये बंद होत असल्याचे जाहीर झालेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली, आणि २०१९ च्या अखेरीस १२० आकारातही मिळू लागली. कोडॅकचा प्रक्षेपक मात्र परत आला नाही. अशा स्थितीत जुने संग्रह स्कॅन करून संगणकात ठेवणे हे योग्यच आहे. स्कॅन दाखविल्याने विटत नाही, त्याच्या प्रती निघतात, मूळ पट्टीला दिव्याचा ताप सोसावा लागत नाही. आक्षेप स्कॅनिंगवर नाही. 'चित्र तर संगणकात आले, आता फिल्म कशाला?' या समजुतीवर आहे. फिल्म फेकली की साक्ष गेली; आणि ती कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांसह दाखविली जात होती याची नोंद न केल्यास प्रयोगही गेला. उरते ते नुसते चित्र, आणि पारदर्शिकेच्या दोन आधारांपैकी एकही त्यात नसतो.

म्हणून स्कॅन झाल्यावरही मूळ फिल्म थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी जतन व्हावी. चौकटीवरील क्रमांक, टिपा आणि सुलट बाजूची खूण यांसह चौकटीचाही फोटो घेतला जावा. आणि ज्यांनी ते संग्रह वर्षानुवर्षे वर्गात दाखविले, असे अध्यापक हयात असतील तर त्यांना ती मालिका पुन्हा एकदा दाखविण्यास सांगून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. यांतील पहिल्या दोन गोष्टी उद्याही करता येतील. तिसरी मात्र माणसाच्या आयुष्याशी बांधलेली आहे. काच जपता येते, पण 'हा' म्हणणारा आवाज काचेत राहत नाही. आपल्या विभागांनी आरंभ तिथूनच करावा.