‘शार्पन’ या इंग्रजी क्रियापदाचे वाच्यार्थ व लक्ष्यार्थ : मराठी पर्यायांची चिकित्सा

प्रस्तावना :
मेळघाटात सिपना नदीच्या परिसरातील सेमाडोह येथील कोरकू मूल घरी कोरकू बोलते, शाळेत मराठी शिकते आणि मराठीच्या आधाराने इंग्रजीकडे वळते. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा असल्याने मराठीही त्याला शिकावीच लागते. अशा विद्यार्थ्याला ‘शार्पन’ म्हणजे ‘धार लावणे’ एवढेच सांगणे कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

वाच्यार्थ :
इंग्रजीत कुऱ्हाड आणि पेन्सिल या दोहोंसाठी हे एकच क्रियापद चालते. मराठी मात्र कृती पाहून शब्द निवडते. विळा दगडावर घासून पाजवतात. बोथट फाळ लोहाराच्या भट्टीत तापवून, ठोकून शेवटतात. पेन्सिलीला टोक करतात. ‘पेन्सिलीला धार लावली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी मराठी वळणाचे नव्हे.

लक्ष्यार्थ :
खरी अडचण येथे आहे. इंग्रजीत बुद्धीला धार लावणे हा गौरव आहे. रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली आपल्या गणितग्रंथाला ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’, म्हणजे बुद्धीला धार लावण्याचा दगड, असे नाव दिले. बरोबरीचे चिन्ह प्रथम याच ग्रंथात छापले गेले. मराठीत दिवा पाजळतात, शस्त्रेही पाजळतात. परंतु ‘अक्कल पाजळली’ म्हटले की उपहास होतो. मराठीत बुद्धी तल्लख असते, कुशाच्या टोकासारखी कुशाग्र असते. तिला धार चढते. माणूस स्वतःच ती पाजळू लागला की भाषेला त्यात मिरवणे दिसते. ‘व्हेट’ हे समानार्थी क्रियापद भुकेसाठी येते तेव्हा तर धारेचे रूपकच गळून पडते. मराठीत भूक चाळवते. ‘कौशल्यांना धार लावणे’ हा प्रयोग अलीकडे रूढ होत आहे. तो चूक म्हणता येणार नाही. पण त्यावरून सर्वत्र ‘धार’ योजणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
ज्या विद्यार्थ्याने घरी विळा-कुऱ्हाड हाताळली आहे, त्याला शब्दाआधी कृती ठाऊक असते. म्हणून शिक्षकाने प्रथम त्या कृतीचा कोरकू शब्द त्याच्याकडूनच विचारून घ्यावा. त्यानंतर वस्तू कोणती, कृती कोणती आणि बोलणाऱ्याचा हेतू गौरवाचा की उपहासाचा, हे पाहून मराठी पर्याय निश्चित करावा. अन्यथा शब्दार्थ बरोबर आणि वाक्य मात्र चुकीचे, ही स्थिती कायम राहील.