पाते, म्यान आणि चांभारचौकशी : शिकारी सुरीच्या निमित्ताने मराठी कारागिरी-विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

हाताने घडविलेली शिकारी सुरी आणि तिच्याच मापाचे चामडी म्यान ही जोडवस्तू अलीकडे हौशी कारागिरांच्या विशेष आवडीची झाली आहे. शहरातील एखादा सुशिक्षित तरुण पोलादाची पट्टी आणतो, पाते घडवतो, मूठ बसवतो, चामडे शिवतो आणि तयार वस्तूवर आपली खूण उमटवतो. त्या वस्तूला 'हस्तनिर्मित' आणि तिच्या कर्त्याला 'कलावंत' म्हटले जाते. मराठी मुलखात मात्र ही दोन कामे शतकानुशतके दोन वेगळ्या घरांत होत आली. पाते लोहाराच्या ऐरणीवर घडले, चामड्याचे काम चांभाराच्या हातून झाले. त्या दोघांना कलावंत म्हणण्याचे कुणाला सुचले नाही.

मराठीतील कारागिरीविषयक लेखनाने आणि स्वतः मराठी भाषेनेही हत्याराकडे ते धरणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे, घडविणाऱ्याच्या बाजूने नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीमुळे पाते आणि म्यान यांची ताटातूट झाली. ती तांत्रिक कारणाने झालेली नसून सामाजिक कारणाने झालेली आहे. सुरी व म्यान यांच्या घडणीचा क्रम नीट पाहिला तर हे स्पष्ट होते.

१. बलुत्याची ओळ आणि विटाळाची उतरंड

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासाचा मराठीतील पायाभूत ग्रंथ होय. कारू-नारू, त्यांची कामे, त्यांचे हक्क आणि कुणब्यावर पडणारा त्यांचा भार यांचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. परंतु आत्रे यांची मांडणी हक्क आणि कर्तव्य यांच्या हिशेबाची आहे. कोण काय करतो आणि त्याबद्दल काय उचलतो, हा तिचा प्रश्न. काम कसे होते आणि एका कारूचे काम दुसऱ्याच्या कामात कसे गुंतलेले असते, हा प्रश्न तिच्या कक्षेत फारसा येत नाही. साहजिकच लोहार आणि चांभार आपापल्या जागी स्वतंत्र उभे राहतात.

वास्तविक बलुत्याच्या वाटणीतच एक महत्त्वाचा पुरावा दडलेला आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानल्या जात. प्रदेशपरत्वे त्यांत फरक असला, तरी काही ठिकाणी सुतार, लोहार, चांभार आणि महार हे थोरल्या ओळीत येतात. शेतीला ज्याची गरज अधिक त्याचा वाटा मोठा, हे त्यामागील तत्त्व. म्हणजे खळ्यावर धान्य मोजताना लोहार आणि चांभार एका ओळीत होते. पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर मात्र ते एका ओळीत नव्हते. एकच गाव दोन उतरंडी चालवत होते, एक गरजेची आणि दुसरी विटाळाची. कारागिरीविषयक लेखनाने नकळत दुसरी उतरंड स्वीकारली आणि पहिली विसरली.

या दोन कामांचे परस्परावलंबन तर ओळीपेक्षाही घट्ट आहे. लोहाराचा जुना भाता चामड्याचा असे. चामडे नसेल तर वारा नाही, वारा नसेल तर आच नाही आणि आच नसेल तर लोखंड वाकत नाही. उलट चांभाराची रापी आणि अरी ही लोहाच्या घरची. म्यान कापणारे पाते लोहाराने दिले आणि पाते तापविणारा वारा चामड्याने दिला. आज भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली असल्याने हा दुवा डोळ्यांआड झाला आहे, एवढेच.

२. पात्याची घडण

शिकारी सुरीचे पाते साधारणपणे चार ते पाच इंच लांब आणि तीन ते चार मिलिमीटर जाड असते. तिचे मुख्य काम मारण्याचे नसून मारलेल्या जनावराचे कातडे सोडविण्याचे आणि मांस कापण्याचे आहे. म्हणून ती लांब असून चालत नाही. ती हाताच्या आज्ञेत राहावी लागते. गावातला लोहार अशा पात्यासाठी बहुधा मोटारीच्या कमानीचा जुना पाटा वापरतो. या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे अर्धा ते पाऊण टक्का असल्याने ते पाणी धरते. तापलेले पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर आच गेली की पाते तेलात बुडवायचे, हे अनेक कारागिरांचे साधे परिमाण आहे. जुन्या लोहाराने हे परिमाण लोखंडाच्या रंगावरून ओळखले.

असे पाणी दिलेले पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांच्या मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला की थांबायचे. कठीणपणा आणि चिवटपणा यांतील हा तोल म्हणजेच लोहाराचे ज्ञान. ते पुस्तकात नसल्याने आपण त्याला 'हातोटी' म्हणतो आणि 'ज्ञान' हा शब्द राखून ठेवतो.

३. म्यानाची घडण

म्यान ही पात्यावर चढविलेली पिशवी नव्हे. त्यासाठी बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे चामडे लागते. असे चामडे ओले केले की मऊ होते, दाबलेला आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कारखानी चामडे अधिक मऊ असते, पण ते हा आकार धरून ठेवत नाही. म्हणून सुरीवर ओलसर चामडे दाबून बसविणे आणि ते वाळू देणे हा क्रम पाळावा लागतो. सुरीचे पाते ओलाव्याने गंजू नये यासाठी ते आधी गुंडाळून घेतात.

शिवणीतही विचार आहे. पात्याची धार ज्या बाजूला येते तेथे दोन थरांमध्ये चामड्याचीच एक अरुंद पट्टी घालतात. सुरी आत-बाहेर करताना धार त्या पट्टीवर घासते आणि टाके वाचतात. अरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन सुया विरुद्ध बाजूंनी काढतात. त्यामुळे एक धागा तुटला तरी दुसरा शिवण सांभाळतो. म्यान सैल झाले तर पळताना सुरी निसटते. घट्ट झाले तर ती ओढताना हात कापतो. म्हणजे पात्याच्या धारेची सुरक्षितता आणि धारकाच्या हाताची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी चांभाराच्या मापावर अवलंबून आहेत.

एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. चामड्यात ओलावा आणि कमावण्याची द्रव्ये टिकून राहत असल्याने पाते दीर्घकाळ म्यानात ठेवले तर त्यावर गंज चढतो. त्यामुळे संग्रहालयात पाते आणि म्यान वेगळे ठेवणे हे जतनाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु ठेवण्यातील हे अंतर समजण्यातील अंतर होऊ नये.

आवरणाचे मोल कसे असू शकते याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये उसनवारीवर साताऱ्यात आणली गेली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेली आहेत या परंपरेचा एक प्रमुख आधार त्यांच्यासोबतच्या पेटीवरील लेख हा आहे. ती पेटी स्कॉटलंडमध्ये बनलेली आहे आणि वापराची खातरजमा करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. वादाचा निकाल काहीही असो, हत्याराविषयी जे काही बोलले गेले ते बऱ्याच अंशी त्याच्या आवरणामुळे बोलले गेले, हे लक्षणीय आहे.

४. भाषेने केलेला न्याय

मराठी भाषेत हत्याराची प्रतिष्ठा विपुल आहे. माणूस 'पाणीदार' असतो, बुद्धी 'धारदार' असते, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. या सर्व प्रयोगांत हत्यार धरणारा केंद्रस्थानी आहे. घडविणाऱ्यांच्या वाट्याला आलेले शब्द मात्र वेगळे आहेत. गाढवावर वा गाडीवर संसार लादून गावोगाव भट्टी मांडणाऱ्या घिसाड्यांच्या नावाशी 'घिसाडघाई' हा शब्द जोडला जातो. चांभाराच्या देवाला तर म्हणीने खेटराची पूजा दिली.

यांत 'चांभारचौकशी' हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. नसत्या, बारीकसारीक, निरर्थक विचारपूस असा त्याचा रूढ अर्थ. पण म्यान शिवायला बसलेल्या माणसाला काय विचारावे लागते ते पाहू. सुरी डाव्या कमरेला बांधणार की उजव्या? ओढणारा हात कोणता? पट्टा किती बोटे रुंद? मूठ किती आत बसावी? बसून काम करायचे की घोड्यावर? पावसात वापर होणार का? यांतील एकही प्रश्न निरर्थक नाही. प्रत्येक प्रश्न वगळला तर म्यानात एक दोष शिल्लक राहतो. ज्याला आज व्यवस्थापनाच्या आणि अभिकल्पाच्या वर्गात 'वापरकर्त्याच्या गरजांचा अभ्यास' म्हणून शिकविले जाते, तेच काम चांभाराच्या ओट्यावर होत होते. आपल्या भाषेने त्याला हिणवणीचा शब्द केला. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, याविषयीचा समाजाचा निवाडाच त्या शब्दात गोठलेला आहे.

५. एक गंभीर आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जातीने लादलेल्या कामाचा असा गौरव करणे म्हणजे जातीचाच गौरव करणे नव्हे काय? दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाच्या शीर्षकानेच गावाच्या हिशेबातील एका शब्दाला आरोपपत्राचे रूप दिले. माधव कोंडविलकर यांच्या 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) मध्ये चांभार कुटुंबात जन्मलेल्या शिक्षकाला शिक्षण आणि नोकरी मिळूनही गावाची नजर सोडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस आणि त्यासोबतची गुलामीची कामे सोडण्याचे आवाहन केले ते याच अनुभवाच्या आधारे. कातड्याचा वास अंगाला चिकटलेल्या माणसाला कारागिरीचे सौंदर्य सांगणे हा क्रूर विनोद ठरू शकतो.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागेल. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की सक्ती आणि कौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. सक्तीचा निषेध करताना कौशल्य नाकारले, तर ज्यांनी सक्ती लादली त्यांच्याच मताला आपण दुजोरा देतो. ते काम क्षुद्र आहे असेच त्यांचेही म्हणणे होते. आज शहरी हौशी माणूस तेच चामडे हातात घेतो तेव्हा त्याला विटाळ होत नाही, उलट कीर्ती मिळते. काम तेच आहे, करणारा बदलला आहे. दोष कामात नव्हता याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

६. तामलवाडीचा परिसर

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर महामार्गावरील गाव. आश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून पायी निघालेले असंख्य भाविक याच वाटेने तुळजाभवानीकडे जातात. शिवरायांना भवानीने तलवार दिल्याची आख्यायिका या वाटेवर प्रत्येकाला ठाऊक असते. खंडेनवमीला शस्त्रांसोबत हातोडा, नांगर, रापी यांचीही पूजा होते. वर्षातून एक दिवस तरी हत्यार आणि अवजार यांत भेद राहत नाही.

इतर दिवशी तो भेद तीव्र असतो. चामड्याच्या कामाला मिळालेली अलीकडची महत्त्वाची शासकीय ओळख म्हणजे कोल्हापुरी चपलेचे २०१८-१९ मधील भौगोलिक मानांकन. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे जिल्हे येतात. सोलापूरच्या हद्दीला लागून असलेला, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेला धाराशिव जिल्हा त्यात नाही. कौशल्य जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही, मान्यता मात्र थांबते.

शिकारीच्या सुरीबाबत कायद्याचीही दखल घ्यावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्णपणे निषिद्ध झाली आणि ते योग्यच झाले. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे 'शस्त्र' या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची पाती त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कायदा पात्याच्या मापाबरोबर उपयोगही पाहतो. समाज मात्र अनेकदा केवळ हात पाहतो. पारध हाच ज्यांचा व्यवसाय आणि नाव होते त्या पारध्यांचे मुख्य साधन फास होते. तरी गुन्हेगार जमाती कायद्याने बसविलेला शिक्का, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही, पुसला गेला नाही. दिवाणखान्यात टांगलेली सुरी शौर्याची खूण ठरते आणि पालात सापडलेली सुरी गुन्ह्याची. सुरी दोन्हीकडे कापण्याचेच काम करते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिकारी सुरी आणि तिचे म्यान ही एकच कृती आहे, तिचे मूल्यमापन जोडीने व्हावे. पात्याचा तोल आणि म्यानाचे माप हे दोन्ही निकष समान महत्त्वाचे होत.

२) पाते व म्यान यांची विचारातील फारकत तंत्रातून आलेली नाही. ती विटाळाच्या उतरंडीतून आली आणि 'गावगाड्या'सारख्या मौलिक ग्रंथाच्या जातवार मांडणीमुळे अभ्यासातही टिकून राहिली.

३) कारागिरीचा गौरव जातीच्या वारशाशी न जोडता कामाच्या ज्ञानाशी जोडला पाहिजे. ते ज्ञान शिकता येते, शिकविता येते, म्हणून ते महाविद्यालयीन अभ्यासाचा विषय होऊ शकते.

लोकसाहित्याचे क्षेत्रकार्य करणारे आपले विद्यार्थी ओव्या, म्हणी आणि विधी गोळा करतात. त्यांनी लोहाराच्या भट्टीजवळ आणि चांभाराच्या ओट्यावर बसून कामाचा क्रम, मापे आणि अवजारांची नावेही टिपली पाहिजेत. आणि टिपताना बारीकसारीक प्रश्न विचारायला संकोचू नये. संशोधन म्हणजे तरी दुसरे काय? चांभारचौकशी हा शब्द ज्या दिवशी आपण प्रशंसा म्हणून वापरू शकू, त्या दिवशी मराठी कारागिरी-विचाराने धरणाऱ्याची बाजू सोडून घडविणाऱ्याची बाजू घेतली असे म्हणता येईल.