अशिलाचे गुपित

अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने त्याच्या स्पष्ट संमतीवाचून फोडू नये, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील १२६ वे कलम. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३२ वे झाले. कलम चांगलेच आहे. पण साहित्यकृतीला विचारतो तोच प्रश्न मी त्याला विचारतो : हे लिहिताना डोळ्यांसमोर माणूस कोणता होता? ज्याच्याकडे वकील आहे आणि ज्याच्या वकिलाकडे दार लावता येणारी खोली आहे, तो.

पुण्यातल्या आमच्या वस्तीतील एका बाईबरोबर मी वकिलाकडे गेलो होतो. पोराच्या ताब्याचा दावा. ती पहाटे रस्ते झाडायला जाते, तेव्हा पोर खोलीत एकटे झोपलेले असते. हे तिने खालच्या आवाजात सांगितले. आवारातले टेबल, शेजारी टायपिस्ट, पलीकडे दुसऱ्यांचे अशील. वकील मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पोर एकटंच असतं, बाई?" चार माना वळल्या. माणूस वाईट नव्हता. प्रस्थापितांच्या घरात जे खाजगी असते, ते आमच्या घरात चौकशीचे होते, एवढेच.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तर वकील हा हक्कच ठेवला नाही (कलम १३). बायकांना वकिली डावपेचांतून सोडवावे, हा हेतू मी नाकारत नाही. परवानगी बहुधा मिळतेही. पण हक्क आणि परवानगी यांतला फरक आम्हाला कोणी शिकवायला नको. याच पुण्यात १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात बाबासाहेब उभे राहिले. वकील आमच्या लेखी नुसता फीचा धनी नाही. कलम १४ प्रमाणे एरवी पुराव्यात न बसणारा कागदही तिथे चालतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचे चोरून टेप केलेले बोलणेही वैवाहिक खटल्यात मान्य केले. म्हणजे घरातले बोलणे उघडे पडू शकते. ऐकून गप्प राहायला बांधलेला उरतो तो वकील, आणि तोच मर्जीवर.

पुढल्या खेपेला वकिलाने पहाटेचे पुन्हा विचारले. ती म्हणाली, "शेजारच्या मावशी बघतात." मावशी गेल्या दिवाळीतच खोली सोडून गेल्या. नवऱ्याला हे ठाऊक आहे, मलाही. वकिलाने ते लिहून घेतले. मी काही बोललो नाही.