ताऱ्यांमधील तहनामे

युद्धाचें वर्णन करणें सोपें आणि तहाचें वर्णन करणें कठीण, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. युद्धाला आरंभ असतो, शेवट असतो, मध्यें रणवाद्यें असतात. तहाला काय असतें? मेजाभोंवतीं बसलेलीं थकलेलीं माणसें, नकाशावर ओढलेल्या रेघा, आणि प्रत्येकाच्या मनांतला हा हिशेब कीं, आज जो आपला मित्र आहे तो उद्यां आपल्याहून बळकट झाला तर आपण कोणाच्या आश्रयाला जावें. इतिहासकारांना या हिशेबाची गोडी असते. कादंबरीकारांना सहसा नसते. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांहीं विज्ञान-कादंबऱ्या आमच्या हातीं देऊन, "सर, यांत व्हिएन्नाची परिषद आहे, वाचून तर पाहा," असें सांगितलें, तेव्हां आम्ही हंसलों. ताऱ्यांवरच्या लढायांचें वाङ्मय म्हणजे पोरवयाचें वाङ्मय, असा आमचा समज होता. तो समज आम्हांस सोडावा लागला, हें प्रथमच कबूल करून ठेवणें बरें. पण ज्या कारणासाठीं तो विद्यार्थी हीं पुस्तकें थोर मानतो, त्या कारणासाठीं आम्ही तीं थोर मानीत नाहीं. आणि हा मतभेद केवळ अभिरुचीचा नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

सत्तासमतोल ही कल्पना मुळांत भूगोलाची लेक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील मंडलाचा विचार पाहा. ज्याची भूमि आपल्या भूमीला लागून, तो अरि. त्याच्या पलीकडचा, तो मित्र. दोघांनाहि लागून असलेला आणि दोघांनाहि पुरून उरेल असा, तो मध्यम. आणि या सर्वांपासून दूर, सर्वांहून प्रबल, तो उदासीन. सगळी मांडणी शेजारावर उभी आहे. युरोपांतहि तेंच. १८१४-१५ सालीं व्हिएन्नास जमलेल्या विजयी सत्तांनीं पराभूत फ्रान्सला आपल्या मेजावर जागा दिली. इतकेंच नव्हे, तर १८१५ च्या जानेवारींत ब्रिटन आणि ऑस्ट्रिया यांनीं त्याच फ्रान्सला हाताशीं धरून रशिया व प्रशिया या कालच्या सोबत्यांविरुद्ध गुप्त करार केला. पोलंड आणि सॅक्सनी गिळून शेजारी फुगतो आहे, हें त्यांना डोळ्यांनीं दिसत होतें. आतां हेच मुत्सद्दी उचलून ताऱ्यांमध्यें नेऊन ठेवा. तेथें नदी नाहीं, डोंगर नाहीं, खिंड नाहीं. सूर्य सोडला तर अगदीं जवळच्या ताऱ्यावरून निघालेल्या प्रकाशालाहि आपल्यापर्यंत यावयास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. अशा ठिकाणीं महायुद्धानंतरचा समतोल उभा राहणार तो कशाच्या आधारावर? या वाङ्मयाची खरी कसोटी हा प्रश्न आहे, यंत्रांचीं वर्णनें नव्हेत.

आयझॅक आसिमॉव्ह या प्रश्नाकडे बुद्धिबळपटूच्या दृष्टीनें पाहतो. त्याच्या 'फाउंडेशन' मालेंतील पहिल्या दोन कथा १९४२ च्या मे व जून महिन्यांत एका अमेरिकन मासिकांत आल्या, म्हणजे जग महायुद्धाच्या वणव्यांत असतांना. ग्रंथरूपानें त्या १९५१ सालीं निघाल्या. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावरून ही कल्पना सुचल्याचें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. साम्राज्य मोडत आहे, कडेचे सुभेदार राजे म्हणवूं लागले आहेत, आणि टर्मिनस नांवाच्या, धातूंनाहि महाग असलेल्या एका ग्रहावर विद्वानांची वसाहत आहे. ॲनाक्रिऑनचें सैन्य तेथें येऊन उतरतें. साल्व्हर हार्डिन हा नगराध्यक्ष मग काय करतो? तो इतर तीन राज्यांकडे जातो आणि त्यांना एवढेंच दाखवून देतो कीं, अणुशक्तीचें रहस्य एकट्या ॲनाक्रिऑनच्या हातीं पडलें तर तुमची धडगत नाहीं. तिघांचा मिळून निर्वाणीचा खलिता जातो आणि सैन्य परत फिरतें. नाना फडणिसाला ही युक्ति नवी वाटली नसती. त्याच कथेंत साम्राज्याच्या वकिलाचें पांच दिवसांचें गोड बोलणें तर्कशास्त्राच्या चाळणींतून काढल्यावर खालीं शून्य उरतें, तो प्रसंग तर राजनीतीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावा. पण आसिमॉव्हच्या पटावर राजे आहेत, वजीर आहेत; माणसें नाहींत. शिवाय सेल्डन नांवाच्या गणितज्ञानें पुढच्या हजार वर्षांचें भाकीत आधींच मांडून ठेवलेलें असल्यामुळें हार्डिनच्या चालींत वाचकाला मौज वाटते, भीति वाटत नाहीं. ज्या तहांत कोणीच खरोखर हरत नाहीं, त्या तहाची गंमत एका बैठकीपुरती असते.

इयन बँक्स (१९५४-२०१३) या स्कॉटिश लेखकाकडे वळलें म्हणजे हवा एकदम बदलते. त्याची 'कन्सिडर फ्लेबस' ही कादंबरी १९८७ सालीं आली. तींत 'कल्चर' नांवाची, दारिद्र्य आणि रोग यांना निरोप दिलेली, यंत्रांच्या महाबुद्धीनें चालणारी संस्कृति एका बाजूला, आणि धर्मयुद्ध हेंच ज्यांचें जीवितकार्य ते इदिरन दुसऱ्या बाजूला. कथानक साहसाचें आहे आणि खरें सांगावयाचें तर मध्यंतरीं बरेंच रेंगाळतें. परंतु कथा संपल्यावर लेखकानें एक परिशिष्ट जोडलें आहे, आणि आमच्या मतें सगळी कादंबरी त्या थोड्याशा पानांत आहे. युद्ध ४८ वर्षें चाललें. ८५१ अब्जांहून अधिक जीव मेले. ९ कोटींहून अधिक नौका आणि सहा तारे नष्ट झाले. आणि एवढें होऊनहि तें एक लहानसें, थोड्या काळाचें युद्ध होतें, आकाशगंगेच्या शेंकडा ०.०२ हून अधिक भागांत तें क्वचितच पसरलें, अशी त्याची नोंद होते! जमाखर्चाच्या या थंड भाषेनें अंगावर जो कांटा येतो, तो रणवर्णनाच्या शंभर पानांनीं येत नाहीं.

त्याच परिशिष्टांत आमच्या विषयाचा गाभा आहे. होमोमडा नांवाची तिसरी, जुनी व बलाढ्य जात प्रथम इदिरनांना साहाय्य करते. इदिरनांचा धर्म तिला पटला होता म्हणून नव्हे. आपल्या तोडीच्या सत्तांपैकीं कोणीहि एक फार बलवान होऊं नये हें तिचें पूर्वापार धोरण, आणि कल्चर आतां त्या पायरीवर येत आहे असें तिला वाटलें म्हणून. पुढें योग्य वेळीं ती अंगहि काढून घेते. हा कौटिल्याचा मध्यम राजा. फक्त त्याची सीमा कोणाच्याच सीमेला लागून नाहीं. शेजार संपला तरी मत्सर संपत नाहीं, हें बँक्सनें अचूक ओळखलें. मात्र असें मोलाचें पात्र परिशिष्टांत टाकून त्यानें चारशेंहून अधिक पानें पाठलागावर खर्चावीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. तिसऱ्याच्या हिशेबाचें महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर मराठे आणि अब्दाली यांनीं एकमेकांना झिजविलें, आणि लाभ पडला तो शेंकडों कोस दूर बंगाल्यांत बसलेल्या कंपनीच्या पदरांत. जयंत नारळीकरांनीं 'गंगाधरपंतांचें पानिपत' या कथेंत त्याच लढाईचा निकाल फिरवून पाहिला, तेव्हां त्यांनाहि कंपनीची गति काय झाली असती हें सांगावें लागलें. आकाशाचा अभ्यास करण्यांत आयुष्य वेंचलेल्या या लेखकाला युद्धोत्तर सत्तेचा विचार करतांना पुणें-मुंबईच्याच वाटेवर उतरावेंसें वाटलें, ही आम्हांस गोड वाटणारी गोष्ट आहे.

बँक्सचें खरें तहाचें पुस्तक निराळेंच आहे. 'लुक टु विंडवर्ड' (२०००) या कादंबरीचें नांव एलियटच्या ज्या वाक्यांतून घेतलें आहे, त्याच वाक्यांतून 'कन्सिडर फ्लेबस' हेंहि नांव आलें. दोहोंचें नातें लेखकानें असें मुद्दाम जोडलें आहे. इदिरन युद्धाला ८०० वर्षें होऊन गेलीं आहेत. त्या युद्धांत दोन तारे फोडले गेले. त्यांचा प्रकाश इतक्या वर्षांनीं मसाक नांवाच्या एका प्रचंड कंकणाकृति कृत्रिम भूमीवर पोहोंचणार आहे, आणि त्या रात्रीसाठीं एक परदेशी संगीतकार नवी रचना करीत आहे. विजेत्यांच्या संपन्न घरीं मेजवान्या चालल्या असतांना जुन्या अपराधाचा उजेड वाटेंत आहे, इतकी साधी ही कल्पना आहे. पण तिच्यामुळें प्रकाशवर्ष हा शब्द आम्हांस प्रथमच ज्योतिषाबाहेरचा वाटला. त्या भूमीचें रक्षण करणारें यंत्ररूपी मन पूर्वीं युद्धनौकेचें मन होतें. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून त्याला अशाच वसलेल्या भूमि उडवाव्या लागल्या, आणि जीं माणसें घर सोडून गेलीं नाहींत त्यांचें मरण त्यानें डोळे न मिटतां पाहिलें. जय मिळाल्यावर त्याला कोणीं जाब विचारला नाहीं. हें त्याचें दुःख आहे.

याच मेजवानींत क्विलन नांवाचा एक चेलग्रियन अधिकारी येतो. चेलग्रियनांचा समाज जातींच्या उतरंडीवर उभा होता. ती उतरंड मोडावी या सद्धेतूनें कल्चरनें त्यांच्या राजकारणांत गुप्तपणें हात घातला. परिणाम यादवींत झाला, अब्जावधि मेले, आणि त्यांत क्विलनची पत्नीहि गेली. कल्चरनें चूक जाहीरपणें कबूल केली. क्विलन तेवढ्याच माणसांचे प्राण घेऊन खातें फेडावयास आला आहे, कारण त्याशिवाय आपल्या मृतांना स्वर्गाचें दार उघडणार नाहीं असें त्यांना सांगण्यांत आलें आहे. आपल्या देशांतील वाचकाला येथें अवघडल्यासारखें होईल, आणि व्हावें. जातिव्यवस्था मोडावी हें त्याला पटतें. पण ज्याच्या घरचा एकहि दिवा त्यानें विझणार नाहीं अशा दूरच्या बलाढ्यानें, लांच देऊन आणि माणसें फिरवून ती मोडावी काय? बँक्स याचें उत्तर देत नाहीं. तो कल्चरचा वकील आहे, तरी या पुस्तकांत त्यानें आपल्याच अशिलाची उलटतपासणी केली आहे. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ होय.

तरीहि शेवटीं त्याचा हात कांपला असें आम्हांस वाटतें. क्विलन आणि तें मन यांचें एकत्र मरण अत्यंत संयमानें लिहिलें आहे. परंतु त्यानंतर कटवाल्यांना शासन करण्यासाठीं कल्चरचा एक मारेकरी जातो आणि त्यांना ज्या क्रूरपणें मारतो, तें वाचल्यावर आधींचा सगळा पश्चात्ताप पुसट होतो. म्हणजे शेवटीं या उदार संस्कृतीचा तहहि धाकावरच उभा तर! तिला तोलून धरील असें दुसरें पारडें महायुद्धानंतर उरलेंच नाहीं, आणि ज्याच्यासमोर पारडें नाहीं त्याच्या सौजन्यावर इतरांनीं किती दिवस निजावें, हें लेखकाला दिसलें असूनहि त्यानें तें पुढें नेलें नाहीं.

धाकाचेंच शास्त्र करणारा लेखक म्हणजे चिनी कादंबरीकार लिउ त्सशिन. वीजकेंद्रांत अभियंता म्हणून काम करीत त्यानें 'थ्री-बॉडी' ही त्रयी लिहिली. तिचा दुसरा भाग 'द डार्क फॉरेस्ट' २००८ सालीं आणि तिसरा 'डेथ्स एंड' २०१० सालीं आला. शत्रूच्या एकाच लहानशा अस्त्रानें पृथ्वीचें जवळजवळ सगळें आरमार बुडाल्यानंतर लुओ जी हा एकटा मनुष्य शत्रूला थांबवितो. तो म्हणतो, पुढें पाऊल टाकाल तर तुमच्या ग्रहाचा ठावठिकाणा मी साऱ्या विश्वाला कळवीन. आणि विश्व हें अंधाऱ्या अरण्यासारखें असल्यामुळें, जो दिसला त्याला कोणीतरी मारणारच. यांत आपलाहि नाश आहे, हें दोन्ही पक्ष जाणतात. खड्गधारी म्हणून लुओ जी अर्धें शतक त्या कळीपाशीं बसून राहतो. पुढें ती जबाबदारी चेंग शिन या सदय स्त्रीकडे जाते, आणि कांहीं मिनिटांतच शत्रूचा हल्ला होतो, कारण ती कळ दाबणार नाहीं हें त्यानें आधींच ताडलेलें असतें. अस्त्र तेंच, कळ तीच. धाक होता तो माणसाच्या स्वभावांत. हा प्रसंग आम्हीं दोनदां वाचला. अणुयुगांतील समतोलाचें इतकें नेमकें चित्र आम्हांस दुसऱ्या कादंबरींत आढळलें नाहीं.

आमचा तंटा आहे तो अरण्याच्या सिद्धांताशीं. लिउ म्हणतो: प्रत्येक संस्कृतीला जगावयाचें आहे, ती वाढत राहते, आणि विश्वांतील द्रव्य मात्र तेवढेंच राहतें, शिवाय अंतर इतकें कीं एकाला दुसऱ्याचें मन कळणें अशक्य, म्हणून दिसेल त्याला आधीं मारणें हाच शहाणपणा. आमचा विद्यार्थी हें न्यूटनच्या नियमासारखें मानतो, आणि पुढें जाऊन राष्ट्राराष्ट्रांनाहि लावतो. परंतु कादंबरीच काय सांगते तें पाहावें. पृथ्वी आणि तिचा शत्रु यांच्यामध्यें निरोप तत्काळ पोहोंचविणारीं साधनें आहेत. दोघे एकमेकांची भाषा जाणतात. शत्रु तर पृथ्वीच्या धर्तीवर चित्रपटहि काढतो आणि माणसें ते आवडीनें पाहतात. म्हणजे मन कळण्याचा मार्ग खुला होता. विश्वासघात झाला तो मार्ग नसल्यामुळें नव्हे, तर एका बाजूनें दुसरीची पारख केली आणि तिला फसविलें म्हणून. याला निसर्गनियम म्हणत नाहींत, राजकारण म्हणतात. आणि राजकारणांत निराळेंहि घडूं शकतें. १९६२ सालीं क्यूबाच्या प्रकरणांत जग कड्यावर येऊन उभें राहिलें, तेव्हां दुसऱ्याच वर्षीं मॉस्को आणि वॉशिंग्टन यांनीं आपसांत थेट संदेशाची तार ओढून घेतली. अरण्यांतले शिकारी तारा ओढीत नाहींत.

हें आम्हीं त्याला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, तार ओढतां आली कारण दोघांनाहि एकच पृथ्वी होती." हा आक्षेप हुशारीचा आहे, आणि त्याला आमच्यापाशीं बँक्सच्या त्या दोन ताऱ्यांवांचून दुसरें उत्तर नव्हतें. लिउच्या ग्रंथांत तारा फुटला कीं गोष्ट संपते. बँक्सच्या ग्रंथांत तो उजेड कोणाच्या तरी अंगणांत येऊन पडतो, आणि त्या अंगणांत पूर्वीच्या शत्रुपक्षाचा होमोमडा वकील पाहुणा म्हणून बसलेला असतो. आमच्या विद्यार्थ्याला हें पटलें नाहीं. त्याचीं बाकीचीं पुस्तकें आम्हीं परत केलीं आहेत. 'लुक टु विंडवर्ड' मात्र अजून आमच्याच मेजावर आहे, आणि त्यानेंहि अद्याप मागितलेलें नाहीं.