‘हेझिटन्सी’च्या पोत्यात काय काय कोंबलंय?

‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ हा शब्द शोधनिबंधांत आता इतका रुळलाय, की त्याचा नेमका अर्थ कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत त्याचा समावेश केला. धोका खराच आहे, शब्द मात्र ढिसाळ आहे.

इंग्रजीत हेझिटेशन म्हणजे करू की नको म्हणून अडखळणं, डाउट म्हणजे खात्री नसणं, रिलक्टन्स म्हणजे मुळात इच्छाच नसणं आणि सस्पिशन म्हणजे समोरच्याच्या हेतूवर विश्वास नसणं. डाउट असूनही माणूस लस घेतो, आणि काही डाउट नसतानाही घरीच राहतो. (आपल्या वर्गातलं ‘सर, डाउट आहे’ हे प्रकरण आणखी वेगळं. ते आपल्या ‘शंका’चं सरळ भाषांतर. परदेशी परीक्षकाला असं लिहिलं तर त्याला वाटेल, याला आपलं म्हणणं पटलेलंच नाही.)

मराठीत हा फरक क्रियापदच सांगतं. शंका आपण विचारतो, संशय घेतो आणि कां-कू करतो. शंकेला उत्तर देता येतं. संशय घेणाऱ्याला तेच उत्तर दिलं, तर तो उत्तर देणाऱ्यावरही संशय घेतो.

आता व्याख्या बघा. संघटनेच्या सल्लागार गटाने 2014 मध्ये म्हटलं, की सेवा उपलब्ध असूनही लस घ्यायला उशीर करणं किंवा ती नाकारणं म्हणजे हेझिटन्सी. कारणं तीन दिली: बेफिकिरी, सोय आणि भरवसा. इथेच घोळ आहे. ‘सेवा उपलब्ध असूनही’ म्हणायचं आणि ‘सोय’ कारणांत घालायची, हे जमतं कसं? आमच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईने मजुरी बुडेल म्हणून बाळाचा डोस पुढे ढकलला, तर तिला ना शंका आहे ना संशय. तरी या व्याख्येने ती हेझिटंट ठरते. मग तिच्या हातात काय पडणार? लस सुरक्षित असल्याचं पत्रक! तिला ते आधीच मान्य आहे हो.

2022 मध्ये संघटनेने व्याख्या बदलली. आता हेझिटन्सी ही मनाची अवस्था, म्हणजे लस घेण्याबाबत द्विधा असणं किंवा विरोध असणं. सोय बाहेर गेली, हे उत्तम झालं. पण द्विधा आणि विरोध अजून एकाच पोत्यात आहेत, आणि मला हे पहिल्या चुकीइतकंच महाग वाटतं. द्विधा असलेला माणूस अजून ऐकायला तयार असतो.

मराठी प्रश्नावली करताना तर हे आणखी नडतं. ‘तुम्हाला लसीबद्दल शंका आहे का?’ याला जिला फक्त ताप किती दिवस राहील एवढंच विचारायचंय, तीही ‘हो’ म्हणेल, आणि सरकारवरच भरवसा नसलेलाही ‘हो’ म्हणेल. त्यापेक्षा सरळ विचारावं: लसीबद्दल काय विचारायचंय? लस देणाऱ्यांवर भरवसा आहे का? आणि कोणत्या वारी आलो तर तुम्ही घरी सापडाल?